रागाचं पुस्तक कपाटामागे : साडेचार वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी तीन ते सहा वयाच्या मुलांचा वाचनाचा तास घेते, आठवड्यातून दोनदा, सात-आठ मुलं, जमिनीवर बसायचं आणि मधे चित्रपुस्तकांचं खोकं. शिकवणं वगैरे काही नसतं, मुलं पुस्तक निवडतात, मी वाचते, मधेच कोणी उठून जातं, कोणी तेच पान पाच वेळा मागतं. हे प्रकरण त्यातल्याच एका मुलाचं. नाव बदललंय, मिहीर म्हणू. घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मिहीर तेव्हा चार वर्षं पाच महिन्यांचा. घरी आई, बाबा, आजी. आणि मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, जी तो आठ महिन्यांचा असल्यापासून त्यांच्याकडेच राहायची आणि रात्री त्याला झोपवायचं काम पूर्ण तिचं होतं. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि ती गेली. ही गोष्ट मला पहिले तीन आठवडे माहीतच नव्हती, कारण मी विचारलंच नाही. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचा अर्धा घोळ त्यातूनच झालाय.

तोवर मला माहीत असलेला मिहीर म्हणजे आजीचं बोट धरून येणारा, जरा बुजरा, चित्रातल्या अगदी कोपऱ्यातल्या गोष्टी शोधणारा मुलगा. मी गोष्ट वाचत असायचे आणि हा मुंग्या मोजत असायचा.

अडचण

एक दिवस आजीऐवजी आई आली, पिशवीत तीन नवीकोरी पुस्तकं. तिन्ही रागावरची. मिहीर बालवाडीत मारायला लागला होता, दोनदा चावला होता, घरी हाताला लागेल ते फेकायचा. रात्री झोपायला तासतासभर नको म्हणायचा. आणि एक विचित्र खोड, घरातल्यांच्या चपला-बूट लपवायचा, सकाळी बाबांचा एक बूट सापडायचा नाही आणि सगळ्यांची पळापळ. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या की रागीट झालाय, रागावरची काही पुस्तकं वाचून दाखवा. आईने लगेच आणली. मला म्हणाली, "तुम्हीच वाचा ना त्याच्यासोबत, तुमचं ऐकतो तो. आम्ही काढलं की पळून जातो."

अजून एक गोष्ट तिने अगदी जाता जाता सांगितली, दारात उभी राहून. ओरडा बसला की तो हल्ली म्हणतो, "मी वाईट." ओरडा नसतानाही म्हणतो, कधी कधी रात्री अंधारात. "एवढ्याशा पोराला कुठून सुचतं हे," असं म्हणताना तिचा आवाज बसला होता. मी ते ऐकलं आणि डोक्यात अशी नोंद केली की मुलाला स्वतःबद्दल वाईट वाटतंय, सतत रागावल्यामुळे असेल. ही नोंद पूर्ण चूक नव्हती पण त्यातली खरी मेख मला दीड महिन्याने कळली.

समोर काय काय पर्याय होते

आता मागे वळून मांडतेय म्हणून पर्याय स्वच्छ दिसतात, तेव्हा असं काही मांडून बसले नव्हते. तरी जे मनात येऊन गेलं ते असं.

सरळ पर्याय म्हणजे आई म्हणते तसं करायचं, रागाची पुस्तकं वाचायची. सोपं, आईचं समाधान, आणि मला वाटलं की नुकसान तरी काय होणार. शिवाय भावनेला नाव दिलं की ती निवळते हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते कुठून आलं हे नंतर नीट पाहिलं तर २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक मेंदूचा अभ्यास फार फिरवला जातो, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डला, म्हणजे मेंदूतला भीती-धोक्याला प्रतिसाद देणारा भाग, त्याचा प्रतिसाद कमी होतो असा. पण त्यात भाग घेणारी मोठी माणसं होती हो, आणि तीही स्कॅनरमध्ये शांत पडलेली. हातात आलेला ठोकळा समोरच्याच्या डोक्यात घालायच्या बेतात असलेलं चार वर्षांचं पोर नव्हतं.

दुसरा पर्याय, बालमानसतज्ज्ञाकडे पाठवायचं. हे मी आईला पहिल्याच दिवशी सुचवायला हवं होतं का? माझं आजचं मत असं की सुचवून ठेवायला हवं होतं, जायलाच हवं असं नाही, पण दार उघडं आहे एवढं तरी. मी ते चौथ्या आठवड्यात बोलले.

तिसरा पर्याय म्हणजे पुस्तकं बाजूला ठेवून आधी घरात काय बदललंय ते विचारायचं. हा पर्याय मला सुचलाच नाही. मी पुस्तकवाली बाई, माझ्याकडे पुस्तक घेऊन कोणी आलं की मी पुस्तकच उघडते.

पहिला प्रयत्न आणि तो कसा फसला

पहिल्या पुस्तकात एक मुलगा लाल होतो, फुगतो, मग श्वास घेतो, आकडे मोजतो, मग निळा-हिरवा होऊन हसतो. पुस्तक वाईट नव्हतं, चित्रं छान होती. मिहीरने तिसऱ्या पानापर्यंत ऐकलं, मग हात घालून पुस्तक मिटलं. रागाने नाही, दार लावतात तसं. दुसऱ्या वेळी पुस्तक बघूनच उठला.

मग मी चेहऱ्यांचा तक्ता काढला, सहा चेहरे, सहा भावना. आनंदी चेहरा त्याने बरोबर ओळखला, आणि उरलेल्यांतल्या जवळपास सगळ्यांना "रागावलाय" म्हणाला. किळस आलेला चेहरा, रागावलाय. रडवेला चेहरा, तोही रागावलाय. आणि मी, एवढी वर्षं मुलांत घालवलेली बाई, मनात म्हणाले की बघा, ह्याच्या डोक्यात रागच भरलाय. खरं तर ह्या वयात भावनांचे कप्पे मोठे मोठे असतात, आधी नुसतं बरं आणि बरं नाही, मग हळूहळू त्यातून राग, दुःख, भीती सुटे होत जातात. शेरी वायडेन आणि जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञांनी ह्यावर बरंच काम केलंय, आणि किळसेच्या चेहऱ्याला राग म्हणणं तर मुलांमध्ये शाळेत जायला लागल्यावरही चालू असतं. म्हणजे मिहीरचं उत्तर त्याच्या वयाचं उत्तर होतं आणि मी ते त्याच्या स्वभावाचं समजले. तक्ता मी आता वापरत नाही. चेहरा असा एकटा, मागेपुढे काही नसलेला, मोठ्यांनाही प्रत्येक वेळी धड ओळखता येत नाही.

घरी तर अजून वेगळंच चाललं होतं. मिहीरने काही फेकलं की घरातलं कोणीतरी म्हणायचं, "चल, आपलं रागाचं पुस्तक काढू." हेतू चांगलाच होता, पण मुलाच्या बाजूने बघा, मी चुकलो की पुस्तक निघतं. म्हणजे पुस्तक झालं पोलीस. दोन आठवड्यांत तिन्ही पुस्तकं घरातून गायब. एक दिवस आजी केर काढताना कपाटामागे झाडू अडकला म्हणून वाकून बघते तर तिन्ही पुस्तकं तिथे, आणि त्यांच्यासोबत बाबांचा एक बूट, आईची एक चप्पल, आणि एक बायकी सॅन्डल जी घरात आता कोणाचीच नव्हती.

ती सॅन्डल मावशीची. जाताना राहिलेली.

मला हे आजींनी सांगितलं, वाचनाच्या तासाआधी, हसत हसत, पोराचे प्रताप म्हणून. मी विचारलं, "मावशी कधी गेल्या, आजी?" तर म्हणाल्या, "अगं झाले की दोन महिने. रडेल म्हणून हा झोपल्यावर गेली रात्री. सकाळी विचारलं त्याने, तर म्हटलं येईल चार दिवसांनी."

चार दिवसांनी. आपण किती सहज म्हणतो हे. चार दिवस म्हणजे थोडे दिवस, चार लोक म्हणजे काही लोक, चार गोष्टी सांगतो म्हणजे काहीतरी सांगतो. पण मिहीर मुंग्या मोजणारा मुलगा. त्याने चार मोजले असणार. मग परत चार मोजले असणार.

आणि झोप लागली की माणूस जातं हेही त्याला कळलेलं होतं, म्हणून झोप नको. चपला नसतील तर कोणी जाऊ शकत नाही, म्हणून चपला. इतकं सरळ होतं सगळं. हा माझा अंदाज आहे अर्थात, त्याने असं कधी बोलून दाखवलं नाही, पण आजींचाही चेहरा बोलता बोलता बदलला आणि त्या नुसत्या म्हणाल्या, "अगं बाई."

आता काय वाचायचं

ह्या ठिकाणी मी जरा थांबले. सगळ्यात मोठा मोह असा होता की आता निदान मिळालं, तर आता त्यावरचं पुस्तक, म्हणजे जवळचं माणूस दूर जातं ह्यावरचं. माझ्याकडे होतंही तसं एक, त्यात एक मुलगा, त्याची ताई शिकायला दूर जाते. माणसांचं पुस्तक घ्यावं की प्राण्यांचं हा प्रश्न तेव्हा मी २०१७ च्या एका अभ्यासाच्या भरवशावर सोडवला. निकोल लार्सन, कँग ली आणि पॅट्रिशिया गॅनिया यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची गोष्ट वाचून दाखवली होती, काहींना माणसांची आणि काहींना तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची, आणि माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर स्वतःचे स्टिकर जास्त वाटले. मी म्हटलं, चला, माणसंच घ्यावीत.

पाचव्या पानावर ताईची बॅग दिसते. मिहीर उठला आणि खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडे. तास संपेपर्यंत तिथेच. मी पुस्तक ठेवून दिलं आणि पुढचा अर्धा तास काय वाचलं ते मला आठवत नाही.

माझी चूक अशी की तो अभ्यास होता वागणूक शिकण्याबद्दल. जिथे दुखतंय तिथे एकदम तसंच्या तसं चित्र समोर धरलं तर मूल ते बघेल कसं? वाटून घ्यायला शिकवायचं असेल तर माणूस बरा असेल, पण दुखण्याला थोडं लांबून बघायची सोय हवी, आणि प्राणी ती सोय देतो. अस्वल म्हणजे मी नाही, असं म्हणत म्हणत बघता येतं. हे माझं अनुभवाचं मत आहे, कोणाचा अभ्यास नाही ह्यामागे.

तेव्हा मी घरी जाऊन मॉरिस सेंडाकचं १९६३ सालचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' परत काढून बसले, वाचायला नाही, बघायला. मॅक्स नावाचा मुलगा धुमाकूळ घालतो, आई त्याला उपाशी झोपायला पाठवते आणि त्याची खोली जंगल होते, ते चित्रपुस्तक. रागाचं पुस्तक म्हटलं की सगळे ह्याचं नाव घेतात. पण त्यात राग हा शब्दच येत नाही. सुरुवातीला चित्र लहान, भोवती भरपूर पांढरी जागा, मॅक्स जसजसा आपल्या जंगलात शिरत जातो तसतसं चित्र वाढत पांढऱ्यावर चढत जातं, आणि धुमाकुळाच्या वेळी तर सलग तीन जोडपानं नुसती चित्रं, शब्द एकही नाही. आणि मॅक्सच्या मनातलं म्हणून जो शब्द शेवटी येतो तो असतो एकटं वाटण्याचा. हे मी किती वेळा मुलांना वाचून दाखवलंय आणि तरी मिहीरच्या बाबतीत मला ते दिसलं नाही. फेकाफेक बाहेर, एकटेपणा आत, पुस्तकात तर साठ वर्षांपासून छापलेलं होतं.

म्हणजे मला असं पुस्तक हवं होतं ज्यात भावना सांगितलेली नाही, पानाच्या रचनेत आहे. बिनशब्दाचं असेल तर उत्तमच. एक सापडलं, मोठं अस्वल आणि छोटं अस्वल, पानोपानी काहीतरी सोबत करतात, मग एका पानावर छोटं एकटंच आहे, चित्र तसंच पण अर्धं पान रिकामं. पुढे काही पानं असंच. शेवटी मोठं परत येतं की नाही हे स्पष्ट नाही, लांबवर एक ठिपका दिसतो फक्त. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाहीये, नाव दिलं की लोक तेच शोधत बसतात आणि मग ते प्रत्येक रडणाऱ्या पोरावर लावतात.

प्रत्यक्ष काय केलं

एक, घरी सांगितलं की रागाची पुस्तकं असू देत, पण मारामारी झाली की पुस्तक काढायचं नाही. तापलेल्या वेळी पुस्तक अजिबात नको. वाचायचं ते शांत असताना, आणि कशासाठी वाचतोय ते न सांगता.

दोन, प्रश्न बदलले. 'अस्वलाला कसं वाटतंय' हा प्रश्न मी टाकूनच दिला, कारण त्याची ठरलेली दोनच उत्तरं येतात, छान नाहीतर वाईट, आणि मुलं तुमच्या तोंडाकडे बघून ठरवतात कोणतं द्यायचं. त्याऐवजी 'इथे काय चाललंय?' आणि मग गप्प. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी आईवडिलांना असं वाचायला शिकवलं होतं, मुलाला हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न टाळायचे, तो जे बोलेल ते थोडं वाढवून परत द्यायचं, गोष्ट सांगणारा हळूहळू तो झाला पाहिजे. ते सगळं भाषा वाढावी म्हणून होतं, मुलंही मिहीरपेक्षा लहान होती, पण मला ते भावनांसाठी जास्त उपयोगी वाटतं, कारण त्यात मोठ्या माणसाला तोंड बंद ठेवावं लागतं.

पहिल्यांदा अस्वलाचं पुस्तक काढलं तेव्हा मिहीर दाराजवळच्या बाजूला बसला होता, पण बसला होता. रिकाम्या अर्ध्या पानापाशी आलो. एक मुलगी म्हणाली मोठं अस्वल लपलंय. दुसरा म्हणाला शू करायला गेलंय. हशा. मग मिहीर, चित्राकडे बघतच, "हा झोपला ना. म्हणून ती गेली."

इथे खरा निर्णयाचा क्षण होता आणि तो जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. जिभेवर आलेलं, अगदी टोकावर, "तुझी मावशी गेली तशी?" मी गिळलं. मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणात मी केलेली एकमेव हुशारीची गोष्ट तीच, काहीतरी न बोलणं. नुसतं म्हटलं, "हं, झोपला म्हणून ती गेली." त्याने मागचं पान उलटलं, दोघं सोबत असलेलं, मग परत रिकामं पान, मग परत मागचं. असं चार-पाच वेळा. बाकीची मुलं कंटाळली, एक उठून गेला, मी जाऊ दिलं.

पुढच्या तासाला त्याने ते पुस्तक स्वतः आणलं. त्याच्या पुढच्यालाही. आणि मग तिसऱ्या वेळी ती 'वाईट'ची गोष्ट झाली.

मिहीर म्हणाला, "अस्वल वाईट आहे." शेजारची मुलगी, त्याच्याहून वर्षभर मोठी, एकदम ठसक्यात, "वाईट नाहीये काही, त्याला वाईट वाटतंय." मिहीर म्हणाला, "तेच ना."

तेच ना! मी पुस्तक हातात धरून तशीच बसले. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. गुंड वाईट असतो, आणि खेळणं मोडलं की मला वाईट वाटतं. मोठ्यांना त्या 'वाटतं'मुळे फरक कळतो, चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी कळेलच असं नाही. रात्री अंधारात तो "मी वाईट" म्हणायचा तेव्हा आईला ऐकू यायचं मी दुष्ट आहे, आणि तिचं काळीज हलायचं, आणि ती म्हणायची, "नाही रे राजा, तू खूप गुणी आहेस." तो सांगत असेल की मला रडू येतंय, आणि उत्तर मिळतंय गुणी असल्याचं. कदाचित दोन्ही असेल, कदाचित त्याच्यासाठी ते दोन वेगळे अर्थ नव्हतेच, वाईट वाटतंय म्हणजे मी वाईट. दिवसभर बालवाडीत 'वाईट मुलगा' ऐकून घरी यायचा तो.

तीन, शब्द. ह्याचं श्रेय पूर्ण आजींचं. मी त्यांना तासाला आत बसायला सांगितलं होतं, नेहमी त्या बाहेर थांबायच्या. अस्वलाच्या त्याच पानावर मी माझ्या ठेवणीतले शब्द काढत होते, दुःखी, उदास, एकटं, आणि मुलांच्या चेहऱ्यावर काही हालत नव्हतं. आजी मागून म्हणाल्या, "अगं, त्याला करमत नाहीये."

मिहीरने मान वळवून आजीकडे बघितलं. "करमत नाही म्हणजे?"

"म्हणजे जवळचं माणूस नसलं ना, की खेळावंसं वाटत नाही, झोपावंसं वाटत नाही, कशातच मन लागत नाही. मला नाही का, तुझे आजोबा गेल्यावर करमत नव्हतं."

मग तो परत चित्राकडे वळला आणि हळूच, प्रयोग करून बघितल्यासारखं म्हणाला, "ह्याला करमत नाहीये."

मी भावनांच्या पुस्तकांची माझी खोकी नंतर उपसून बघितली. राग, भीती, आनंद, दुःख, मत्सर, फार तर लाज. बरीचशी भाषांतरित, त्यामुळे परक्या भाषेत जे कप्पे तेच आपल्याकडे. करमत नाही कुठेच नाही. रुसवा नाही, आणि रुसणं म्हणजे रागावणं नव्हे हे घराघरात माहीत असतं, रुसलेल्याला कोणीतरी समजूत काढायला यायला हवं असतं. हिरमुसणं नाही, कानकोंडं होणं नाही, चुकल्याचुकल्यासारखं वाटणं नाही. मुलाच्या घरात जे शब्द बोलले जातात त्यातच त्याच्या भावना राहतात, आणि आपण त्याला तक्त्यातले शब्द पाठ करायला लावतो.

चार, घरच्यांशी बोलणं. आईला मी हे सगळं सांगितलं, जरा घाबरतच, कारण 'तुम्ही त्याला फसवून पाठवलंत मावशीला' असं वाटायला नको होतं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "तिलाही रडू आलं असतं ना, म्हणून झोपल्यावर गेली." घरच्यांनी त्याला खरं सांगितलं, की मावशी तो झोपल्यावर गेली, ते चुकलं, आणि चार दिवस म्हणालो तेही चुकलं. मावशी यायला तेव्हा १९ दिवस होते. आईने कागद दुमडून, दोऱ्याने शिवून १९ पानांचं पुस्तक केलं, रोज एक पान, त्यावर तो हवं ते काढणार. बरीच पानं नुसत्या रेघोट्या होत्या, एका पानावर फक्त एक ठिपका. मावशीने अस्वलाचं पुस्तक मिळवलं आणि रात्री व्हिडिओ कॉलवर दोघं आपापल्या प्रतीची पानं उलटायचे. हे रोज जमलं नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा.

बालमानसतज्ज्ञाचं म्हणाल तर घरचे एकदा जाऊन आले, तिथे सांगितलं की थोडे दिवस बघू, झोप आणि चावणं कमी झालं नाही तर परत या.

काय झालं

चावणं सहाव्या आठवड्यानंतर ऐकू आलं नाही. मारणं कमी झालं, संपलं नाही. झोपायला अजून वेळ लावतो, पण आता विचारतो, "मी झोपल्यावर कोणी जाणार आहे का?" आणि नाही म्हटलं की झोपतो. "मी वाईट" बंद झालं का? नाही, पण आईने विचारायला सुरुवात केली, "वाईट वाटतंय का?" आणि बहुतेक वेळा हो येतं, आणि मग ती नुसती जवळ घेते.

मावशी आली, तीन दिवस राहिली. ह्या वेळी तो जागा असताना निघाली. निघायच्या वेळी तिची एक चप्पल सापडेना. आजींनी विचारलं, "मिहीर, चप्पल?" तर म्हणाला, "एकच लपवलीय," आणि जाऊन घेऊन आला, आणि मग खूप रडला. फेकलं काही नाही.

हे सगळं पुस्तकाने झालं असं मी म्हणणार नाही. दोन महिने उलटले होते, घरच्यांनी खरं सांगितलं, मावशीचा आवाज रात्री ऐकू यायला लागला, बालवाडीच्या बाईंनी 'वाईट मुलगा' म्हणणं थांबवलं. पुस्तकाचा वाटा किती ते मोजायची माझ्याकडे काही पट्टी नाही. मला वाटतं पुस्तकाने त्याला बरं केलं नाही, मोठ्यांना ऐकायला लावलं, आणि त्यात मीही आले.

आज वेगळं काय केलं असतं

आधी विचारलं असतं. पुस्तक मागायला आलेल्या प्रत्येक पालकाला मी आता एकच विचारते, गेल्या सहा महिन्यांत घरातून कोण गेलं, कोण आलं, काय हललं? चिडतात कधी कधी, की आम्ही पुस्तक मागतोय आणि ही चौकशा करतेय. चिडू देत.

आजींना पहिल्याच दिवशी आत बसवलं असतं. घरातलं सगळ्यात जास्त माहीत असलेलं माणूस मी दाराबाहेर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं.

ताईचं पुस्तक काढलं नसतं. त्या दिवशी तो दाराशी उभा होता ती पाठ मला अजून दिसते. आणि काढलंच होतं तर निदान तेव्हाच उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले असते, काही न बोलता, बाकीच्या मुलांना दोन मिनिटं चित्रं बघू द्यायची होती. मी वाचत राहिले कारण तास चालू होता.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं अजून ठरत नाही. मी अस्वलाच्या वेळी गप्प राहिले, मावशीचं नाव घेतलं नाही, कधीच नाही घेतलं, शेवटपर्यंत. ते घरच्यांनी घेतलं. घरचे तेवढे मोकळे नसते तर? तर मग अस्वल अस्वलच राहिलं असतं आणि कोणीच काही बोललं नसतं, आणि मी म्हणत बसले असते की मुलाला जागा दिली.

रागाची ती तीन पुस्तकं आजींनी कपाटामागून काढून मला आणून दिली होती, ती आता खोक्यात आहेत. अकराव्या आठवड्यात मिहीरने त्यातलं एक स्वतः उचललं, तो लाल होऊन फुगलेला मुलगा असलेलं. बराच वेळ ते पान बघितलं, कोपरे वगैरे सगळे तपासले, मग मला विचारलं, "ताई, ह्याचं कोण गेलंय?"

मी म्हटलं, "माहीत नाही रे, पुस्तकात लिहिलेलं नाहीये."

त्याने पुस्तक पहिल्या पानापासून परत उघडलं आणि शोधायला लागला.